शिवलीलाची तोंडी परीक्षा

माझं नाव शंभुलिंग. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण माझ्या बायकोकडून ते तुम्हाला कळायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं मला 'अहो' म्हटलं, 'ऐकलं का' म्हटलं, मुलगी झाल्यावर 'आरोहीचे पप्पा' म्हटलं, आणि चिडली की नुसतंच भांडं आपटलं. नाव कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं म्हणतात. मी शेजारीच बसलो होतो, पण वाजंत्र्यांनी नेमका तेव्हाच असा गोंधळ घातला की मला तिचे ओठ तेवढे हललेले दिसले.

आमच्या घरात तशी रीतच आहे. बायकोनं नवऱ्याचं नाव त्याच्या किंवा सासूच्या कानावर पडेल असं घ्यायचं नाही, त्याचं आयुष्य कमी होतं. शिवलीला शिकलेली आहे. यात काही अर्थ नाही हे तिलाही कळतं. पण आईला, आजीला, चुलतीला लहानपणापासून बघत आलेलं अंगात मुरलेलं असतं, ते पुस्तकानं निघत नाही. मागं मला डेंग्यू झाला, सोलापूरला दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, तर हिनं माझ्याच खिशातला पेन काढला आणि कागदावर लिहून दिलं. एकशे तीन ताप होता मला, तरी राग आलेला आठवतो. मरायला टेकलेल्या माणसाचं नाव तोंडानं घेतलं असतं तर आणखी काय बिघडणार होतं?

मी रागीट आहे हे लोहाऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जीपच्या थांब्यासमोर माझं दुकान आहे. सरकी, पेंड, दावी, कासरे, जनावरांच्या गळ्यातल्या घंटा असलं सगळं मिळतं. दुकानाच्या मागं घर, मध्ये एक पडदा. गिऱ्हाइकानं दावं हातात घेऊन दोनदा ओढून बघितलं की माझं डोकं फिरतं. पण या नावाचा राग तसला नव्हता. खरं सांगायचं तर तो राग नव्हताच, हट्ट होता. गावात मला शंभूशेठ म्हणतात, माझी आई शंभ्या म्हणते. पूर्ण नाव कुणी घेतच नाही. ते एकदा हिच्या तोंडून ऐकावं असं मला वाटायचं, आणि वाटायचं ते मी बोलूनही दाखवायचो. "एकदा घे की. जग बुडत न्हाय." ती हसायची आणि आत निघून जायची.

शिवलीलाचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, अगदी हद्दीवर. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि तरी बारावीला इंग्रजीत वर्गात पहिली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. तेवढ्यात मी बघायला गेलो आणि तिच्या वडिलांना पसंत पडलो. आरोही शाळेत जायला लागल्यावर एक दिवस ती म्हणाली, विद्यापीठाचं दूरशिक्षण असतं, घरी बसून बी.ए. करता येतं, इंग्रजी घेऊन. मी म्हटलं कर. तेव्हा मला वाटलं होतं पुस्तकं येतील, ती वाचेल आणि एक दिवस परीक्षा देईल. घरात रोज परदेशी माणसं बोलायला लागतील हे कुणी सांगितलं नव्हतं.

शिकवायला उमादेवी मॅडम होत्या, त्या लातूरला राहायच्या. वर्ग नाही, फळा नाही, सगळं फोनवर. दर सोमवारी त्या ग्रुपवर एक व्हिडिओ पाठवायच्या. त्यात कुणीतरी एकटाच स्टेजवर उभा राहून दहा-बारा मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलायचा. कधी समुद्रात बुड्या मारणारी बाई, कधी पाव भाजणारा म्हातारा, कधी मधमाश्या पाळणारा. मॅडमची पद्धत ठरलेली होती. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचं आणि माणूस काय सांगत असेल ते ओळखायचं. मग आवाज लावून, खाली येणारी अक्षरं वाचत बघायचं. मग अक्षरं झाकून. त्यावर मॅडम स्वतः थोडं बोलून पाठवायच्या आणि शेवटी विद्यार्थ्यांनी आपल्या आयुष्यातलं काहीतरी दोन मिनिटं इंग्रजीत बोलून, रेकॉर्ड करून परत पाठवायचं.

दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. तेव्हा पेंडीच्या पोत्याला फोन टेकवून शिवलीला बसायची. माझी आई गंगम्मा, जिला आम्ही अव्वा म्हणतो, शेजारी सुपात तांदूळ घेऊन बसायची. आवाज बंद केलेला व्हिडिओ तिच्या फार आवडीचा.

"हा एवढे हात का हलवतोय? माश्या हाकतोय व्हय?"

"अव्वा, त्यो मधमाश्यांचंच सांगतोय."

"मग बरोबर हाय की त्याचं," अव्वा म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली.

खरी अडचण आवाज लावल्यावर यायची. ती माणसं इतकी भरभर बोलायची की शिवलीला पहिल्या वाक्यात असायची तोवर ती पाचव्यावर पोचलेली. ती रडकुंडीला आली. मग आरोहीनं युक्ती दाखवली. फोनमध्ये व्हिडिओचा वेग कमी करता येतो, तो तिनं अर्ध्यावर आणून दिला. समुद्रातल्या बाईचा आवाज असा जड आणि लांबट निघाला की अव्वानं सूप खाली ठेवलं. "लई दमलीय गं ही. कुणीतरी पाणी द्या की तिला."

पण शिवलीलाला एकेक शब्द कळायला लागला. तेव्हापासून तिनं सगळंच अर्ध्या वेगानं ऐकायला सुरुवात केली, मॅडमचे व्हिडिओसुद्धा. दोन वर्षं आमच्या घरात उमादेवी मॅडम जांभया देत बोलत होत्या. शिवलीलाही तसंच बोलायला शिकली. एक वाक्य सुरू केलं की मी पोतं शिवून मोकळा व्हायचो, तोवर ती क्रियापदापर्यंत यायची. मला वाटायचं इंग्रजी अशीच बोलत असतील. साहेब लोकांना काय घाई असते?

याचं फळ गेल्या वर्षी मिळालं. तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर होती. मॅडम आणि बाहेरचे एक परीक्षक समोर आले आणि मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, त्यांच्या खऱ्या वेगानं. शिवलीला गांगरली. तिला वाटलं मॅडम चिडल्यात. प्रश्न कळेना, कळला तर उत्तर इतकं सावकाश निघायचं की पंधरा मिनिटांत तीनच उत्तरं झाली. नापास.

त्या संध्याकाळी ती परसात भांडी घासत बसली होती, घासलेलीच पुन्हा. मी मॅडमना फोन लावला, भांडायलाच लावला होता. "लातूरला बसून आमच्या बायकोवर ओरडता व्हय?" मॅडमना काहीच कळेना. शेवटी मी अर्ध्या वेगाचं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी कधी विचारलंच नाही की ती कशी ऐकते. आता तुम्ही एक करा. वेग एकदम नका वाढवू, दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा." भांडण राहिलंच. वर मीच कामाला लागलो.

लेखी पेपर तिनं सगळे सोडवले होते, चांगल्या मार्कांनी. राहिली ती तोंडीच. नोंदणीची मुदत या मे महिन्यात संपत होती. यावेळी सुटली नाही तर पाच वर्षांची मेहनत वाया, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. पलीकडच्या आळीत एक छोटी इंग्रजी शाळा आहे. तिथल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, पदवी आणा, जूनपासून पहिलीचा वर्ग तुमचा. शिवलीला ते कुणाला बोलून दाखवत नव्हती. पण शाळेवरून जाताना ती थोडी सावकाश चालायची, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग मी मास्तर झालो. माझी इंग्रजी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात सुटली ती सुटलीच, पण हुकूम सोडायला भाषा कशाला लागते? पंधरा दिवस झाले की फोन घेऊन मीच वेग एक घर वाढवायचो. मॅडमकडून प्रश्नांची यादी मागवली, देवनागरीत लिहून घेतली, आणि गल्ल्यावर बसून पडद्याआडून एकेक फेकायला सुरुवात केली. व्हेअर डू यू लिव्ह. व्हाय डू यू वाँट टू टीच. अगदी घाईत, गिऱ्हाईक निघून जाताना आपण बोलतो तसे. आतून उत्तर यायचं. उत्तर बरोबर की चूक ते मला कळायचं नाही, पण किती वेळात आलं ते कळायचं. उशीर झाला की मी पुन्हा विचारायचो. धनगराचा महारुद्र मेंढरांसाठी घंटा घ्यायला आला होता, तो म्हणाला, "शेठ, वहिनींना कशापायी दमात घेताय?" मी म्हटलं, "गप घंटा वाजव."

यादीत नवऱ्याबद्दल काही नव्हतं. आपणच विचारावं असं माझ्या मनात अनेकदा आलं. व्हॉट इज युवर हजबंड्स नेम. एवढं मला येत होतं. घाईघाईत मध्येच टाकला असता तर कदाचित तिच्या तोंडून निघूनही गेलं असतं. पण असं फसवून काढलेलं नाव मला नको होतं. म्हणून तो एक प्रश्न मी विचारला नाही, आणि तेवढा एकच तयारीत राहून गेला.

परीक्षा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेअकराला होती. आरोही सुट्टीला मामाकडं गेली होती. मी शटर अर्ध्यावर ओढलं. समोरच्या जीपवाल्यांकडं जाऊन सांगितलं की अर्धा तास कुणी हॉर्न वाजवला तर दावं आणून स्टिअरिंग बांधून टाकीन. अव्वाला दारात स्टूल दिलं, गिऱ्हाईक आलं तर परत पाठवायला. मी स्वतः गल्ल्यावर बसलो. परीक्षेच्या खोलीत दुसरं कुणी असू नये असा नियम होता. मी खोलीत नव्हतो. पडद्याला बोटभर फट होती आणि मी तिला डोळा लावून बसलो होतो, त्याबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

शिवलीला निळ्या साडीत ताठ बसली होती. फोन आत आणून ठेवलेल्या पोत्याला टेकवलेला. सुरुवातीला तिला पाच मिनिटं बोलायचं होतं, त्या स्टेजवरच्या माणसांसारखं. विषय तिनंच निवडला होता, घंटा कशी निवडतात. आमच्याकडं येणारा धनगर घंटा डोळ्यांनी बघत नाही. कानाशी धरून वाजवतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि आपल्या कळपात जो आवाज नाही तो निवडतो. हे ती इंग्रजीत सांगत होती. मध्येच तिनं खरी घंटा उचलून वाजवली. तिचा वेग चांगला होता. बाहेरचे सर म्हणाले, व्हेरी गुड. मी फटीआड मूठ आवळली.

मग प्रश्न सुरू झाले. दोन सुटले. आणि तिसरा, सरांनी सहज, जणू तिला जरा मोकळं वाटावं म्हणून विचारलेला. हजबंड, नेम, एवढे दोन शब्द ऐकू आले आणि मला पुढचं सगळं कळलं.

ती इतकी निश्चल बसली की सर म्हणाले, हॅलो, हॅलो, आवाज येतोय का. त्यांना वाटलं नेटवर्क गेलं आणि चित्र अडकलं. मॅडम म्हणाल्या, शिवलीला, दिसताय तुम्ही. तेव्हा ती हलली आणि म्हणाली, "आरोहीज फादर."

सर हसले असावेत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, जरा सावकाश विचारला. तिनं तेच उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा विचारताना सरांचा आवाज बदलला होता. हिला साधा प्रश्न कळत नाही असं त्यांना वाटलं असणार. आधीचं सगळं पाठ करून आली असं वाटलं असणार. शिवलीलानं खालची वही ओढली, घाईघाईत काहीतरी खरडलं आणि पान फोनसमोर धरलं. सर ताडकन बोलले. शब्द मला समजले नाहीत, पण तिनं वही लगेच खाली ठेवली. ही तोंडी परीक्षा होती, लिहिलेलं चालत नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी सरांवर, असला कसला प्रश्न. मग तिच्यावर. अकरा वर्षं मी मागतोय, राहू दे. पण इथं तुझी पाच वर्षं पणाला लागलीत, पहिलीचा वर्ग पणाला लागलाय, आणि तू दोन ओठ हलवायला तयार नाहीस? पडदा ओढून आत जावं आणि ओरडून सांगावं, अहो, शंभुलिंग नाव आहे माझं, लिहून घ्या, असं मला वाटलं. मी उठलोसुद्धा. पण आत दुसरं माणूस दिसलं तर परीक्षाच रद्द.

तेवढ्यात सरांनी विचारलं, इज समबडी देअर? कुणी आहे का तिथं तुमच्याबरोबर? त्यांना वाटलं असेल तिला कुणीतरी आडून सांगतंय.

शिवलीलानं मान वर करून पडद्याकडं बघितलं. फटीतून थेट माझ्या डोळ्यात. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माझ्याकडं मदत मागत नव्हती. ती मला काहीतरी सांगत होती, आणि मी मठ्ठ माणूस, मला ते कळायला एवढी वर्षं लागली. नाव तिच्या ओठांवर अगदी आलेलं होतं. ते अडवून मीच बसलो होतो. पडद्याच्या अलीकडं मी आणि दारात अव्वा, दोघंही कान टवकारून. आम्ही ऐकतोय म्हणूनच ते निघत नव्हतं.

मी पडदा एका अंगाला सारला, अगदी टोकापर्यंत, म्हणजे तिला दुकानापलीकडचा रस्ता दिसावा. फोनची पाठ माझ्याकडं होती, सरांना मी दिसणार नव्हतो. मग शटर हातानं वर ढकललं, मुद्दाम जोरात, त्याचा खडखडाट तिला ऐकू जाईल असा. आणि अव्वाला दंडाला धरून उठवलं.

"चल."

"कुठं? म्या दार राखायलीय न्हवं?"

"राहू दे दार. चहा प्यायला चल."

"आत्ता? उन्हाचं? साकु रे बाबा, पुरे कर, गुडघं दुखतेत माझं."

"अव्वा, चल म्हणतो ना," मी म्हणालो, आणि तिला जवळजवळ उचलूनच पायऱ्या उतरवल्या.

रस्त्यापलीकडं बलभीमची टपरी आहे. ती नेमकी बंद. अव्वाला मी जीपच्या सावलीला बसवलं. मला बसवेना. मी रस्त्याच्या कडेला, दुकानातून दिसेल अशा जागी उभा राहिलो, म्हणजे आम्ही इतक्या लांब आहोत हे तिला कळावं. मेचं ऊन, पावणेबारा वाजलेले. डोक्याला टोपी नव्हती, पायात चप्पलही नव्हती. डांबर पोळत होतं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. दुकानातून कसलाही आवाज येत नव्हता, आणि तोच तर उद्देश होता.

"काय झालंय?" अव्वानं विचारलं.

"सरांनी तिला नाव विचारलं. माझं. ती घेईना."

अव्वा पदरानं वारा घेत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, चांगल्या वळणाची पोर हाय. ती म्हणाली, "म्या घेतलंय एकदा, तुझ्या बाचं."

माझ्या वडिलांचं नाव महांतप्पा. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. ते गेल्यावर पेन्शनच्या कागदासाठी मी अव्वाला तहसीलमध्ये नेलं होतं. तिथल्या माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं तर ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी चारचौघांत तिच्यावर खेकसलो होतो. ते मला आत्ता आठवलं आणि लाज वाटली.

"कधी घेतलंस?"

"त्यांना बसवलं होतं तवा." आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात. "विधीला जंगम यायचे होते. बाया पाण्याला गेलत्या, तू हारासाठी गेलतास. घरात कुणी न्हवतं. म्या जवळ जाऊन कानात घेतलं, हळूच. पैल्यांदा." तिनं वारा घ्यायचं थांबवलं. "ऐकलं असंल का रं त्यांनी?"

"ऐकलं असंल," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "मला बी तसंच वाटतंय. त्यांचं तोंड तवा नीट झालं होतं, हसल्यावानी." आणि पुन्हा वारा घ्यायला लागली. मी जीपकडं तोंड केलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि जीपवाले बघत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक वाजला असेल असं मला वाटलं, प्रत्यक्षात पंधरा मिनिटंही झाली नसतील. शिवलीला दारात आली. हात कपाळावर धरून ती आम्हाला बघत होती. मी रस्ता ओलांडला, पाय भाजत होते म्हणून जरा पळतच ओलांडला. मला तसं उड्या मारत येताना बघून तिला हसू आलं आणि त्याच वेळी ती रडलीही.

"सुटलं," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, निकाल लागंल तवा लागंल, पण सुटलं. सर म्हणाले, बोलणं चांगलं हाय."

अव्वा मागून गुडघे धरत आली. तिनं सुनेच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि पाणी प्यायला आत गेली. जाता जाता म्हणाली, "आता पोरं बडवायला मोकळी झालीस बाई."

मी गल्ल्यावर बसलो. तळपाय लाल झाले होते. शिवलीलानं तांब्यात पाणी आणलं आणि माझ्या पायांवर ओतायला लागली. दुकानात सगळीकडं ओल झाली. एरवी मी पेंडीची पोती भिजतील म्हणून ओरडलो असतो.

"घेतलंस?" मी विचारलं.

"घेतलं." ती खाली बघत होती.

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं आहे. जे ऐकायला मी अकरा वर्षं हट्ट केला ते ती माझ्याच घरात, माझ्याच पोत्यापुढं बसून बोलली, आणि मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. आता कधी ऐकायला मिळेल? बहुतेक कधीच नाही. परीक्षा काही दरवर्षी येणार नव्हती.

"मग पुढं?" मी म्हटलं. "अजून काय विचारलं?"

"म्हणाले, मिस्टर काय करतात."

"हां. ते सोपं हाय. पेंड विकतात."

"म्या तसं न्हाय सांगितलं."

"मग?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "म्हटलं, ते आत्ता रस्त्यावर उन्हात उभे हायती. त्यांचं नाव मला घेता यावं म्हणून."

बाहेर एका जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी मी त्याच्यावर ओरडलो नाही. मग म्हटलं, "इंग्रजीत कसं म्हणालीस ते म्हण."

तिनं म्हणून दाखवलं, चांगल्या वेगात, न अडखळता. मग मी सांगितलं म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. त्यातले चार-पाच शब्द मला कळले. माझं नाव त्या वाक्यात कुठंच नव्हतं, आणि मी ते मागितलंही नाही.